रिसॉर्टवर दोन दिवस नेऊन टीम तयार होते का? (कॅनिंगच्या हंगामाआधीचा प्रश्न)

कातळसडा
रत्नागिरीजवळच्या एका फळप्रक्रिया कारखान्यात उत्पादन बघतो. कायम माणसं चाळीसेक. एप्रिलमध्ये कॅनिंगचा आंबा सुरू झाला की आजूबाजूच्या वाड्यांतून बायका येतात आणि पाऊस लागेपर्यंत आकडा तिपटीवर जातो. हेड ऑफिस मुंबईला. तिथून मेल आलाय की हंगामाआधी सगळ्या सुपरवायझरांना दोन दिवस गणपतीपुळ्याकडच्या एका रिसॉर्टवर न्या. बाहेरून ट्रेनर येणार, डोळे बांधून एकमेकांच्या हातांत पडायचे खेळ होणार, 'टीम कल्चर' तयार होणार. बजेट मंजूर आहे. (निवडीच्या शेडमधल्या पंख्यांचं बजेट मात्र अजून 'विचाराधीन' आहे, असो.)

मला खेळांचं वावडं नाही. पण आमचं दुखणं वेगळं आहे. गेल्या मे महिन्यात एक दिवस पल्प आंबूस निघाला, अख्खी बॅच टाकावी लागली. मागाहून कळलं की निवडीच्या टेबलावरच्या बायकांना सकाळीच वास आला होता. ट्रक रात्रभर वाटेत अडकलेला, खालचे क्रेट गळत होते. तिघीचौघी आपसात बोलल्याही. सुपरवायझरला कोणी सांगितलं नाही. त्याला स्वतःलाही शंका आलेली, तोही वर बोलला नाही.

माणसं वेळेवर बोलती कशानं होतात? आणि पूर, वादळ, वीज नाही अशा वेळी एकमेकांना धरून कशानं राहतात? दवाखाना, बँक, बोट, कारखाना, कुठेही माणसं सांभाळली असतील त्यांनी लिहा. फक्त 'संवाद वाढवा' असं लिहू नका, ते ट्रेनर सांगणारच आहे.

ओहोटी
मी एचआरमध्ये आहे, त्यामुळे पहिला दगड मलाच बसणार हे गृहीत धरून लिहिते. रिसॉर्टला एवढं हसू नका. एरवी फक्त 'माल आला का, गाडी गेली का' एवढंच बोलणारी दोन माणसं एकत्र जेवली, की पुढच्या वेळी फोन उचलताना आवाज बदलतो, हे मी पाहिलंय. पण खेळांनी टीम होते असा दावा कोणी करत असेल तर तो खोटा.

गुगलनं २०१२ पासून स्वतःच्याच टीम तपासल्या होत्या, 'प्रोजेक्ट अ‍ॅरिस्टॉटल' नावानं. टीममध्ये कोण हुशार आहे यापेक्षा ती माणसं एकमेकांशी वागतात कशी, यानं जास्त फरक पडतो असं निघालं. आणि सगळ्यात वर काय, तर मनातली शंका बोलून दाखवली तर आपली किंमत कमी होणार नाही हा भरवसा.

दुसरी_पाळी
गुगलवाल्यांना अख्खा मे महिना निवडीच्या टेबलावर उभं करा. मग परत तपासा.

रातांबा
ओहोटीताईंचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, त्याचं मूळ आमच्याच व्यवसायात आहे. मी नर्स आहे, जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक बाईंनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या. त्यांना वाटलं होतं, चांगल्या टीमच्या वॉर्डात चुका कमी सापडतील. आकडे उलटे आले, चांगल्या वॉर्डांत चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला की तिथे चुका होत जास्त नव्हत्या, सांगितल्या जात जास्त होत्या. बाकीच्या वॉर्डांत त्या दडपल्या जात. १९९९ सालच्या त्यांच्या निबंधापासून हा विषय सगळीकडे पोचला.

आता व्यवहाराचं. पाळी बदलताना 'काही प्रॉब्लेम?' असं विचारलं की उत्तर 'नाही' हेच येतं. कुणीही नाहीच म्हणणार, तोंडाला तीच सवय आहे. आमच्या एका जुन्या इन्चार्ज सिस्टर विचारायच्या, 'आज रात्री कुठल्या पेशंटची तुला धास्ती वाटते?' त्याला 'कुठल्याच नाही' असं उत्तर देता येत नाही, एक खाट सांगावीच लागते. तुमच्या टेबलावर विचारा, 'आज यातला कुठला क्रेट तुम्ही स्वतःच्या घरी नेला नसता?' बघा काय होतं ते.

आणि सांगणारीला पहिल्या वेळी काय उत्तर मिळतं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. 'आत्ता सांगतेस होय?' हे एकदा कानावर पडलं की तो वॉर्ड वर्षभरासाठी गप्प.

कातळसडा
क्रेटचा प्रश्न वहीत लिहून ठेवला. झकास आहे.

वाशिष्ठीकाठ
बँकेतून निवृत्त, मुक्काम चिपळूण. २२ जुलै २०२१ च्या पुराचं सगळ्यांना माहीत आहे, मी पाण्याचं वर्णन करत बसत नाही. २००५ चा पूर पाहिलेली माणसंसुद्धा त्या पहाटे गाफील सापडली. एसटीच्या चिपळूण आगाराचे व्यवस्थापक आगाराची रोकड घेऊन बुडालेल्या बसच्या टपावर तासन् तास बसून राहिले होते, तेव्हा सगळ्या वाहिन्यांवर आलं होतं.

मला सांगायचंय ते पाणी ओसरल्यानंतरचं. शाखेत गुडघाभर चिखल, लेजर, संगणक, फर्निचर सगळं त्यात. सफाईला कोण येणार? ज्यांची स्वतःची घरं गेली होती त्यांना आम्ही बोलावलं नाही. तरी त्यातले दोघे आले, म्हणाले घरात बसून वेड लागेल. वरच्या भागात राहणाऱ्यांनी आधी सहकाऱ्यांच्या घरातला गाळ काढला आणि मग शाखेतला. हा क्रम कोणी ठरवला नव्हता. पण तसं झालं म्हणून सगळे शेवटपर्यंत टिकले. त्याच बाजारातल्या एका खासगी आस्थापनेत 'उद्यापासून कामावर हजर' असा निरोप गेला होता. तिथली निम्मी माणसं दिवाळीपर्यंत नोकरी सोडून गेली.

आमच्याकडे हे का जमलं, तर कोण कुठे राहतो हे सगळ्यांना प्रत्यक्ष ठाऊक होतं. घर पाहिलेलं होतं. हळदीकुंकू, सत्यनारायण, गणपतीचं दर्शन या निमित्तानं एकमेकांच्या ओटीवर बसलेली माणसं होती ती. मोबाईल बंद पडल्यावर नंबरांच्या यादीचा उपयोग शून्य, घराची वाट माहीत पाहिजे.

दुसरी_पाळी
काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण टपावर बसलेल्या साहेबांची गोष्ट मला नेहमी उलटी लागते. त्या माणसाला सलाम. पण नदीकाठच्या आगारातली रोकड वाचवायला एखाद्याला टपावर बसावं का लागावं? रोकड रात्री कुठे असावी, पाणी किती चढलं की कुणी कुणाला विचारल्याशिवाय बाहेर पडायचं, हे आधी ठरलेलं असतं तर बातमीच झाली नसती. आपल्याकडे व्यवस्था कमी पडली की माणसाचा सत्कार करतात. शाल-श्रीफळ दिलं की फाईल बंद.

मी लोट्याला एका केमिकल कंपनीत कंत्राटी आहे. कायमवाल्यांच्या आणि आमच्या हेल्मेटचा रंग वेगळा. कॅन्टीनला वेळ वेगळी. वर्षाच्या सहलीला आम्ही नसतो, पण सेफ्टी वीकच्या फोटोत असतो, कारण तिथे संख्या लागते. 'थोडक्यात टळलं' असं काही दिसलं की फॉर्म भरायचा नियम आहे. एकानं भरला, तर पहिला प्रश्न, 'तू तिथे काय करत होतास?' त्यानंतर त्या पेटीत फॉर्म पडलेला मी तरी बघितला नाही. रातांबाताईंनी लिहिलेलं अगदी तेच.

वाशिष्ठीकाठ
मान्य. सत्काराबद्दल तर शंभर टक्के.

गजाली
माझो आजो रापणीर जाय. होडयेन जाळा अर्ध्या वाटोळ्यान टाकीत आणि दोनय बाजूंचे दोर रेयेत हुबे ऱ्हवान लोका वडीत. मासळी सगळ्यांच्या डोळ्यादेखत रेयेर पडा. (पुढचा प्रमाण मराठीत लिहितंय, नायतर अ‍ॅडमिन ओरडतलो.)

रापणीतली एकी म्हणून लोक फार भावुक होतात. एकी होती, पण ती कशावर उभी होती ते बघा. मासळी उघड्यावर पडायची, वाटे तिथेच व्हायचे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. किती मिळाली आणि कोणाला किती गेली हे पोरालाही दिसायचं. लपवायला जागाच नव्हती. ज्या कारखान्यात पल्प किती रुपयांना गेला हे ओढणाऱ्याला कधी कळत नाही, तिथे 'आपण सगळे एक कुटुंब' हे वाक्य जरा जपूनच म्हणावं.

दुसरं, समुद्रावर सगळ्यांचं मत घेत बसत नाहीत. वारा फिरला की तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, सांगेल तेच. पण नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, उभा असलेला पोरगा पुढे खडक दिसला तर ओरडतो, त्यासाठी तो कुणाची परवानगी घेत नाही आणि तांडेलही 'तू कोण?' विचारत नाही. हुकूम एकाचा, ओरडायचा हक्क सगळ्यांचा. दोन्ही एकाच होडीत असतं.

आणि आता बोटींवर बरेच खलाशी नेपाळचे. एक जूनला बंदी लागली की गावाला जातात, ऑगस्टमध्ये येतात. ज्या नाखव्याकडे तेच तेच परत येतात त्याच्या बोटीची गोष्टच वेगळी.

घरून_काम
तांडेलाच्या मुद्द्यावरून आठवलं. २७ मार्च १९७७, टेनेरिफ विमानतळ, धुकं. केएलएम या डच कंपनीच्या कॅप्टननं विमान धावपट्टीवर पळवायला घेतलं. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं, ते पॅनअ‍ॅमचं (अमेरिकन कंपनीचं) विमान अजून बाजूला गेलं नाही का? कॅप्टन ठासून म्हणाला, गेलंय. इंजिनिअर गप्प बसला. दोन्ही विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. कॅप्टन हा कंपनीतला सगळ्यात नावाजलेला वैमानिक होता, त्याला दुसऱ्यांदा टोकायचं कोणी? त्यानंतरच्या वर्षांत विमान कंपन्यांनी वैमानिकांना वेगळं शिक्षण सुरू केलं. कनिष्ठानं शंका कशी आणि किती वेळा मांडायची, वरिष्ठानं ती कशी ऐकायची, याचा सराव. म्हणजे 'मोकळेपणानं बोला' अशी पाटी लावून भागत नाही, बोलायची तालीम घ्यावी लागते. ट्रेनर येतोच आहे, तर डोळे बांधण्याऐवजी ही तालीम घ्यायला सांगा.

जाता जाता स्वतःचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मी दापोलीत होतो, टीम पुण्यात. वीज नाही, टॉवर आडवे. टीमनं दोनतीन दिवस मला सुट्टीवर धरलं होतं! तेव्हापासून आमच्यात ठरलंय की कोणी न सांगता एक दिवस गप्प झाला तर कोणी कोणाच्या कुठल्या शेजाऱ्याला किंवा नातेवाईकाला फोन करायचा. कागदावर आहे, क्लाउडवर नाही.

घाटवळण
वर सगळे बोलण्याबद्दल लिहीत आहेत, मी थांबवण्याबद्दल लिहितो. आमच्या घरातलं माणूस कोकण रेल्वेत पावसाळी गस्तीला होतं. जून २००३ ला वैभववाडीजवळ गाडी घसरली आणि पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस, दोन्ही वेळा वरून दगड-माती रुळावर आलेली. रात्री कटिंगमधून, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेतून, एकटा चालणारा गस्तवाला कामगारांच्या उतरंडीत अगदी खालचा. पण त्याच्या हातात लाल बत्ती आणि झोळीत डेटोनेटर (गाडीला इशारा द्यायला रुळावर ठेवायचे फटाके) असतात. धोका दिसला तर तो राजधानीसुद्धा थांबवतो, साहेबाला विचारत बसत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कुमटा-होन्नावरच्या मध्ये असंच एका ट्रॅकमननं रुळाचा जोड उघडा बघून पळत जाऊन राजधानी थांबवली होती, पेपरात आलं होतं.

कातळसडा, तुमच्या टेबलावरच्या बाईला पट्टा थांबवता येतो का? बटण तिच्या हाताशी आहे का सुपरवायझरच्या केबिनमध्ये?

आणखी एक. कोकण रेल्वे दर पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक काढते. गाड्या हळू चालणार, उशिरा पोचणार, हे जून यायच्या आधीच छापून जाहीर. कोणाला लाज वाटत नाही, कोणी मोटरमनला झापत नाही. आपल्या कारखान्यांत आणि ऑफिसांत मात्र बारा महिने तेच टार्गेट. गणपतीत निम्मी माणसं नसणार हे गेली शंभर वर्षं माहीत आहे, तरी दरवर्षी भाद्रपद आला की साहेब दचकतात.

सांदण
घाटवळण, गणपतीचा विषय काढलात ते बरं झालं. टीम फुटते ती तिथेच. आमच्या हॉटेलात आधी 'जो पहिला अर्ज देईल त्याला रजा' असं होतं. त्यामुळे मे महिन्यातच अर्ज आणि भांडणं. मग वेटरांवरच्या एका कॅप्टननं कागद घेऊन प्रत्येकाच्या घरचा गणपती किती दिवसांचा ते लिहून काढलं. दीड दिवसाचा, पाचाचा, गौरीबरोबर जाणारा, अनंत चतुर्दशीपर्यंतचा. दीड दिवसवाले तिसऱ्या दिवशी परत आले की त्यांच्या जागेवरचे बदली सुटायला लागले. तक्ता जून महिन्यात भिंतीवर. ज्याला पाच दिवसांत गावच्या जाखडीत नाचायचंय तो शिमग्याला ड्युटी देतो, पालखी ज्यांच्या दारात येते ते उलटं करतात.

आता थोडं कडू. आम्ही मुसलमान चारपाच जण आहोत. गणपतीत ड्युटी आमचीच, आणि त्याचं काही वाईट वाटत नाही, शेजारच्या घरचे मोदक इथे पोचतातच. पण ईदची रजा मागितली की उत्तर, 'अर्ज आठ दिवस आधी, तारीख नक्की लिहा.' तारीख चंद्रावर आहे, मी कुठून नक्की लिहू? शेवटी दोन तारखांचा एकच अर्ज चालेल असं ठरलं, एका ओळीचा बदल. तोपर्यंत आमच्यातला एक जण नोकरी सोडून कुवेतला गेला होता. कारण पगाराचंच होतं, पण जाताना ही गोष्टही बोलून गेला.

ओहोटी
दोन तारखांचा अर्ज! उद्याच आमच्या पॉलिसीत घालते. हे आम्हाला मुंबईत सुचलं नाही याचं नवल वाटतंय.

काजूगर
एवढा वेळ वाचत होते. मी पूर्वी कॅनिंगला आणि नंतर काजूच्या कारखान्यात काम केलंय, त्या टेबलावर उभी राहिलेली इथे बहुतेक मी एकटीच दिसते.

त्या बायका का बोलल्या नाहीत ते सांगते. सुपरवायझरला कोणी घाबरत नाही हो, तो बिचारा आपल्याच गावचा कोणीतरी असतो. भीती मुकादमाची. बायका आणतो तो, उचल देतो तो, आणि पुढच्या हंगामाला टेम्पो कुठल्या वाडीत थांबवायचा ते ठरवतो तो. त्या दिवशीचा ट्रक कोणाच्या ओळखीच्या बागवाल्याचा होता, ते विचारा एकदा. माल परत गेला तर नाव कोणाचं येणार? टेबलावरच्या बाईचं. मग पुढच्या एप्रिलला तिचा फोन वाजत नाही. बॅच गेली तर कंपनीची जाते, तिचा अख्खा हंगाम कशाला जाऊ द्यायचा तिनं?

दुसरं, तुम्ही मीटिंग ठेवणार पाळी सुटल्यावर. शेवटची यष्टी चुकली तर पाच किलोमीटर चालत जायचं, घरी पाणी भरायचंय, तिला काय तुमच्या टीम कल्चरचं पडलंय? मीटिंग घ्यायची तर पाळी सुरू होताना, हजेरी लागल्यावर, पगारी वेळात. आणि उभ्यानं नको, बसायला द्या.

तिसरं, महिलांच्या तक्रार समितीचा बोर्ड तुमच्या ऑफिसात असेल. तिथे चपला काढून कोण वाचायला जातं? २०१३ च्या कायद्यात हंगामी आणि कंत्राटी बायकाही येतात, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तो बोर्ड संडासाच्या वाटेवर लावा. आधी संडास बघा म्हणा.

रातांबा
काजूगरताई, याला म्हणतात निदान. आम्ही सगळे वर बसून गोळ्या लिहून देत होतो.

दुसरी_पाळी
+१. मुकादमाच्या जागी 'कंत्राटदार' वाचलं की आमची कंपनी.

कातळसडा
काजूगरताई, तुमचा प्रतिसाद वाचून जुन्या हजेरी वह्या काढल्या. ट्रक कोणाचा होता तेही बघितलं, इथे लिहीत नाही, पण तुमचा अंदाज चुकलेला नाही. वह्यांमध्ये बायकांची नावं आहेत, फोन नंबर एकाही नावापुढे नाही. सगळे नंबर मुकादमाच्या मोबाईलमध्ये.

म्हणून हेड ऑफिसला असं लिहितोय. एक, यंदा हंगाम संपताना प्रत्येकीला कंपनीच्या सहीशिक्क्याचं पत्र द्यायचं की पुढच्या एप्रिलला तुम्हाला बोलावणं कंपनीकडून येईल, आणि नंबर आमच्या वहीत. मुकादमाला त्याचं कमिशन मिळेल, पण कोणाला बोलवायचं हे तो ठरवणार नाही. तो चिडेल. दोन जण आहेत, त्यातल्या एकाशी बोलणं झालंय, दुसऱ्याचा भरवसा नाही. पट्ट्याचं बटण टेबलाशी आणायला इलेक्ट्रिशियन अर्ध्या दिवसाचं काम म्हणतो. पट्टा थांबवला म्हणून पहिला महिना कोणाला 'का' विचारायचं नाही, फक्त 'कुठला क्रेट' एवढंच. रिसॉर्ट एका दिवसाचं करतो, टेनेरिफवाली तालीम घ्यायला ट्रेनरला सांगितलंय. तो 'मॉड्यूलमध्ये बसत नाही' म्हणाला, बघू. उरलेल्या दिवसाच्या पैशात शेडचे पंखे आणि संध्याकाळच्या पाळीला वाडीपर्यंत टेम्पो.

गजाली
आणि पल्पचो भाव? तो सांगतलास काय बायकांका?

कातळसडा
तो माझ्या हातात नाही, गजाली. मालाचा दर मलाच बिल झाल्यावर कळतो. पण रोज किती टन घेतला, किती परत केला आणि का, हे फळ्यावर लिहू शकतो. तेवढं करतो.

घाटवळण
परत केलेल्या मालाखाली बागवाल्याचं नाव लिहाल?

कातळसडा
लॉट नंबर लिहीन. नाव लिहिलं तर दुसऱ्या दिवशी मला माझाच फळा पुसावा लागेल.

ओहोटी
एक व्यवहारी सूचना. हेड ऑफिसला दुसऱ्या दिवसाचे फोटो लागतील, बजेटची फाईल त्याशिवाय बंद होत नाही. टेम्पोचे, पंख्यांचे काढून ठेवा. खरंच चालतात, मी स्वतः अशा फायली पास केल्यात.

काजूगर
फोटो काढा, पण डोक्याला जाळी आणि हातात ग्लोव्हज असलेल्या बाईला आधी विचारून. आणि टेम्पो नक्की झाला तर आडिवऱ्याच्या बाजूलाही एक फेरी बघा, तिकडच्या बायका चांगल्या निवडतात.